टीआर-606 : कुणीतरी केलेले जुने मॉड (बदल), घुमणारा बास ड्रम आणि मुकी स्नेअर

झाडीचा_ऑर्गनवाला
नमस्कार मंडळी. मी वडशाकडचा, गडचिरोली जिल्ह्यातला. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन सुरू झाला की नाटकात ऑर्गनवर बसतो, बाकीचे दिवस धान. नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं सामान निघालं, त्यात एक रोलंड टीआर-606 ड्रम मशीन मिळालं. 1981 सालचं चंदेरी मॉडेल. सात आवाज, सोळा बटणं. ऑक्टोपॅड आमच्याकडे आहे, पण खलनायकाच्या एन्ट्रीला आमच्या डायरेक्टरला हाच कोरडा टिकटिक आवाज पाहिजे.

मशीन कोरं नाही. आधीच्या कुणीतरी उजव्या बाजूला भोकं पाडून चार नॉब बसवले आहेत: बास ड्रमचा सूर, बास ड्रमची लांबी, स्नेअरचा सूर, ओपन हॅटची (उघड्या झांजेची) लांबी. मागे तीन जॅक, बास, स्नेअर आणि हॅट वेगळे काढायला. आत सगळी वायर एकाच पिवळ्या रंगाची, आणि वरून ग्लू गनचा चिखल. कोणती वायर कुठे जाते ते दिसतच नाही.

त्रास असे:
बास ड्रमच्या लांबीचा नॉब अर्ध्याच्या पुढे नेला की काही न वाजवताही 'ऊऽऽऽ' असं घुमत राहते. शिवाय लांबी वाढवली की सूर खाली पडतो, जरी सुराच्या नॉबला हात लावला नाही तरी.
स्नेअरमधली फुसफुस गेली आहे. नुसतं 'टुंग' वाजते, टॉमसारखं.
मागचा हॅटचा जॅक खुपसला की स्पीकरमधून जोरात 'फट्'. आणि मुख्य आउटपुटमधून हॅट गायब.

मल्टीमीटर आहे, सोल्डरिंग जमते. ऑसिलोस्कोप नाही. सुरुवात कुठून करू?

वऱ्हाडी_व्होल्ट
काहून बाप्पा, फोनवर 606 चे सॅम्पल फुकटात भेटतात. ब्लूटूथ लाव अन् मोकळा हो.

झाडीचा_ऑर्गनवाला
भाऊ, रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. फोनवर मधातच पाहुण्याचा कॉल आला तर खलनायक रिंगटोनवर एन्ट्री घेईल.

आर्वीकरीण
आधी पॉवर. मॉडला हात लावण्याआधी अडॅप्टर कोणता आहे ते सांगा. या काळातल्या रोलंड-बॉसच्या छोट्या मशीनना 9 व्होल्ट लागतात आणि पिनचा मध्यभाग ऋण असतो. आपल्याकडे सेट टॉप बॉक्स, वायफाय, सीसीटीव्हीचे जे अडॅप्टर घरोघरी पडलेले असतात त्यात मध्यभाग धन, आणि बरेचदा 12 व्होल्ट. जॅक मात्र बसतो, तिथेच घात होतो. अडॅप्टरवर छापलेलं वर्तुळाचं चित्र पहा, आणि छापलेल्यावरही विश्वास न ठेवता मीटरने मोजा.

दुसरं, सर्व्हिस नोट्सची पीडीएफ शोधून ठेवा. डायग्रामवर जागोजागी व्होल्टेज छापलेले असतात. ते जुळल्याशिवाय बाकी सगळी चर्चा हवेत आहे.

झाडीचा_ऑर्गनवाला
अडॅप्टर जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला आहे. मध्यभाग ऋण, मोजून पाहिला. बोर्डावरचे व्होल्टेजही डायग्रामशी जुळतात, थोडा फरक आहे पण काळजीचा नाही.

तारतम्य
मग पॉवर सोडा. लांबी वाढवली की सूर पडतो हा बिघाड नाही, गणित आहे. हे समजलं की उरलेलं अर्धं काम सोपं होतं, म्हणून जरा लांब लिहितो.

606 चा बास ड्रम म्हणजे ब्रिज्ड-टी फिल्टर. असे दोन, वेगवेगळ्या सुरांचे, एकत्र करून. प्रत्येकात एक ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप), दोन कपॅसिटर, दोन रेझिस्टर. एक रेझिस्टर दोन कपॅसिटरच्या मधून ग्राउंडला जातो, त्याला र1 म्हणू. दुसरा ऑप-अँपच्या आउटपुटवरून परत इनपुटला येतो, तो र2. ट्रिगरचा छोटा झटका बसला की हे सर्किट घंटेसारखं वाजतं आणि विरत जातं.

दोन्ही कपॅसिटर सारखे धरले, तर सूर ठरतो र1 गुणिले र2 च्या वर्गमुळावर. गुणाकार वाढला की सूर खाली. पण विरण्याचा वेळ ठरतो फक्त र2 आणि कपॅसिटरवर. र1 चा त्यात काही संबंध नाही.

म्हणजे सुराचा नॉब र1 वर असेल तर तो सूर बदलतो आणि लांबी सेकंदांत तेवढीच राहते. लांबीचा नॉब र2 वर असेल तर दोन्ही बदलणार. र2 चौपट केला की आवाज चौपट लांब आणि सूर बरोबर एक सप्तक खाली. ज्याने मॉड केला त्याला हे माहीत असेल किंवा नसेल, पण वायर योग्य जागी दिसते. लांबी वाढवून सूर तोच पाहिजे असेल तर सुराचा नॉब उलट फिरवून जुळवून घ्यायचा, दुसरा सोपा मार्ग नाही.

वऱ्हाडी_व्होल्ट
हे बरं सांगितलं राजेहो. आमच्या भजनी मंडळाच्या रिदम बॉक्समध्ये हेच होऊन राहिलं होतं, मी कपॅसिटर बदलत बसलो होतो.

निळी_केबल
घुमण्याबद्दल. हे सरळ सेल्फ-ऑसिलेशन वाटतंय. र2 खूप वाढला, सर्किट विरायचंच विसरलं. लांबीच्या पॉटच्या (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरच्या) जोडीला समांतर एक ठरावीक रेझिस्टर टाका, म्हणजे एकूण किंमत एका हद्दीबाहेर जाणार नाही. काम झालं.

तारतम्य
गणिताप्रमाणे ब्रिज्ड-टी स्वतःहून कधीच पूर्ण ऑसिलेट होत नाही, र2 कितीही घ्या. विरण्याला वेळ लागेल, पण विरेल. सतत घुमायला कुठूनतरी आउटपुट परत इनपुटला, तेही सुलट फेजने, पोचायला हवं. पिवळ्या वायरींची जुडी ग्लूमध्ये एकत्र आहे म्हणतात, बास ड्रमच्या जॅकची वायर पॉटच्या वायरीला चिकटून गेली असेल तर शक्य आहे.

एक चाचणी: घुमत असताना सुराचा नॉब फिरवा. घुमण्याचा सूर नॉबसोबत सरकला तर ऑसिलेशन. सूर तोच राहून फक्त आवाज कमी-जास्त झाला तर बाहेरून काहीतरी आत येतंय.

झाडीचा_ऑर्गनवाला
पाहिलं. घरी सूर सरकत नाही. एका जागी आवाज मोठा होतो, नॉब पुढे-मागे केला की लहान. ऑर्गनवर जुळवून पाहिला तर पांढरी पाचच्या किंचित वर लागतो, अगदी खालच्या सप्तकात.

पण मागच्या आठवड्यात तालमीला मशीन नेली होती. लाइन गेली म्हणून डिझेल जनरेटरवर होतो. तेव्हा घुमण्याचा सूर हलत होता, हे मला पक्कं आठवते. मधातच पांढरी पाचच्या खाली जायचा आणि परत वर. नॉबला कुणाचा हात नव्हता.

निळी_केबल
बघा, सूर हलतो म्हणजे ऑसिलेशनच. व्होल्टेज हललं की ऑसिलेटर हलतो. मी म्हणालो ते समांतर रेझिस्टर टाका.

निवृत्त_वायरमन
थांबा जरा. मले ड्रम मशीनमधलं काही समजत नाही, पण जनरेटरमधलं समजते.

लाइन 50 हर्ट्झवर चालते अन् ग्रिड ते धरून ठेवते. छोटा डिझेल जनरेटर धरत नाही. लोड आला की इंजिन बसते, फ्रिक्वेन्सी 48, कधी त्याहूनही खाली. गव्हर्नर डिझेल वाढवते, मग वर चढते. तुमच्या तालमीत मोठा हॅलोजन किंवा पंखे चालू-बंद होत असतील तर ते खालीवर होतच राहीन.

आता तुमचा सूर पांढरी पाचच्या किंचित वर. नातवाले विचारलं, तो पेटी वाजवते. त्यानं फोनवर काढून दिलं: सगळ्यात खालची पांढरी पाच 49 हर्ट्झ. म्हणजे 50 हर्ट्झ तिच्या किंचित वर अन् 48 तिच्या किंचित खाली. तुम्ही सांगता तेच. हा आवाज तुमच्या मशीनचा नाही, विजेचा आहे.

तारतम्य
वायरमनकाका, साष्टांग.

हे जुळतं आणि का जुळतं तेही सांगतो. ब्रिज्ड-टी हा फिल्टरही आहे. ज्या सुरावर बसवला असेल तो सूर उचलून मोठा करतो, बाकीचे दाबतो. 606 च्या बास ड्रमची लांबी वाढवली की सूर खाली येतो, आणि खाली येता येता तो 50 च्या आसपास पोचतो. वर लांबी वाढवल्याने फिल्टरची धारही वाढलेली. म्हणजे घरातल्या वायरिंगचा जो बारीक हम (विजेची गुणगुण) त्या उघड्या पिवळ्या वायरीत शिरतो, तो नेमका तिथेच फुगतो. म्हणून नॉब अर्ध्यापर्यंत काही नाही, आणि पुढे घुमतं. म्हणूनच सुराच्या नॉबने फक्त आवाज बदलतो.

अडॅप्टरच्या फिल्टरचा रिपल (गाळूनही उरलेली लहर) असता तर 100 हर्ट्झ आला असता, एक सप्तक वर. हा 50 आहे, म्हणजे बहुधा हवेतून, वायरीवाटे.

आर्वीकरीण
चाचणी सोपी आहे. सेलवर चालवून बघा. घरात एकदा, आणि मग ट्यूबलाइट, पंखा, वायरिंग यांपासून दूर. हेडफोन लावा, अ‍ॅम्प्लिफायर नको, नाहीतर तोच हम आणेल.

झाडीचा_ऑर्गनवाला
सेलची एक गंमत. याला चार मधले सेल लागतात, म्हणजे टॉर्चच्या मोठ्या सेलपेक्षा लहान आणि पेन्सिल सेलपेक्षा जाड. वडशात विचारलं तर दुकानदार म्हणे, असा सेल असते काय? पेन्सिल सेल घालायच्या प्लास्टिकच्या टोप्या ऑनलाइन मागवाव्या लागल्या. सेल काढून ठेवले तर पॅटर्नही पुसले जातात, त्यामुळे ते आतच ठेवायचे हेही कळलं.

चाचणी झाली. घरात सेलवर घुमणं कमी, पण आहे. मशीन घेऊन धानाच्या बांधीवर गेलो, जवळ तार नाही, मोटर पंप नाही. लांबीचा नॉब पूर्ण उजवीकडे नेला तरी एकदम शांत. बास ड्रम असा लांब वाजला की बाजूच्या शेतातला म्हातारा पाहायला आला.

निळी_केबल
ठीक, मान्य. समांतर रेझिस्टर नको.

वऱ्हाडी_व्होल्ट
मंग आता नाटक बांधीवरच करजा.

तारतम्य
दुरुस्ती. सगळ्या वायरी एकदम उपटू नका. डायग्राम पुढे ठेवून आधी फक्त बास ड्रमच्या लांबीच्या पॉटच्या दोन वायरी शोधा. ग्लू आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो, सुरीने खरवडू नका, जुन्या बोर्डाचा तांब्याचा पट्टा उचलला जातो आणि मग खरंच रडायची वेळ येते.

त्या दोन वायरी काढून शक्य तेवढी छोटी शिल्डवाली वायर टाका. शिल्ड फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंडला जोडा, पॉटच्या टोकाला मोकळा सोडा. पॉटचं धातूचं अंग ग्राउंडला हवं. 606 चा डबा प्लास्टिकचा असल्याने ते आपोआप होत नाही. चारही पॉटच्या पाठी एका वायरीने बांधून ग्राउंडला नेली तरी चालेल. मग जॅकच्या वायरी पॉटच्या वायरींपासून वेगळ्या वाटेने न्या.

नंतर एकेका मॉडला मोकळं करून वाजवून बघा. ज्याने हे केलं त्याने बोर्डावरचा मूळ रेझिस्टर काढला की समांतर पॉट जोडला, हे प्रत्येकाचं वेगळं निघू शकतं.

आर्वीकरीण
स्नेअरचं मी घेते. फुसफुस म्हणजे व्हाइट नॉइज. या मशीनमध्ये ती एका ट्रान्झिस्टरमधून येते, ज्याच्या बेस-एमिटर जोडाला, म्हणजे जंक्शनला, उलटं व्होल्टेज दिलेलं असतं. तो जंक्शन उलटा तुटतो, आणि तुटताना जो खरखराट करतो तोच मोठा करून वापरला जातो. कलेक्टर कुठेच जोडलेला नसतो. ट्रान्झिस्टर ज्या कामासाठी बनवला त्याच्या नेमका उलट वापर, पण त्या काळात अ‍ॅनालॉग ड्रम मशीनमध्ये हीच पद्धत होती.

नॉइज ट्रान्झिस्टर बदललेला आहे का ते बघा. त्याच्यावर बीसी547 लिहिलेलं असेल तर चोर सापडला.

झाडीचा_ऑर्गनवाला
बीसी547 च आहे! आजूबाजूचे सगळे जपानी नंबरचे आहेत, हा एकटाच वेगळा आणि सोल्डरही नवा चकचकीत. पण हा तर कुठेही मिळणारा चांगला ट्रान्झिस्टर आहे ना?

आर्वीकरीण
ट्रान्झिस्टर चांगला आहे, पाय चुकले आहेत. छापील सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी547 चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. जपानी 2एससी मालिकेतल्या अशा ट्रान्झिस्टरचे बहुधा एमिटर, कलेक्टर, बेस. नव्याला जुन्याच्या भोकांत सरळ बसवला की एमिटरच्या भोकात कलेक्टर गेला, बेसच्या भोकात एमिटर गेला, आणि खरा बेस त्या मोकळ्या भोकात लटकतोय. जंक्शन तुटतच नाही, म्हणून नॉइज नाही. उरलेला 'टुंग' स्नेअरचा सुराचा भाग आहे, तो वेगळ्या सर्किटमधून येतो म्हणून जिवंत आहे.

काढा, पाय मुरडून एमिटर आणि बेस योग्य भोकात घाला, कलेक्टर कापून टाका किंवा हवेत ठेवा. पायांवर स्लीव्ह घाला, एकमेकांना टेकू नयेत. आधी तुमच्या बोर्डावर कोणतं भोक कशाचं आहे ते डायग्रामवरून पक्कं करा, माझ्या शब्दावर नको.

आणि एक नाही, मूठभर बीसी547 आणा. नॉइजचा जोर प्रत्येक नगात वेगळा असतो, एकाच पट्टीतल्या दोन नगांतही. लावून, ऐकून, निवडायचा. म्हणूनच कारखान्यातही असे ट्रान्झिस्टर निवडून लावत.

निळी_केबल
याला जोडून, हॅट आणि सिंबलला हात लावायचा विचार असेल तर सावध. त्यांचा धातूचा आवाज सहा चौकोनी लाटांच्या ऑसिलेटरमधून येतो, आणि ते सहाही एकाच श्मिट ट्रिगर आयसीत आहेत. बदली म्हणून 40106 हा आयसी त्याच पिनांवर बसतो, पण कंपनीप्रमाणे त्याचे थ्रेशोल्ड (पलटी मारण्याचे व्होल्टेज) वेगळे असतात, त्यामुळे सहाही सूर सरकतात. वाईट वाजत नाही, पण 606 वाजत नाही. चालू आयसी असेल तर काढू नका.

जुनं_ते_सोनं
मी उशिरा आलो. माझं मत: सगळे मॉड काढून मशीन मूळ स्थितीत आणा. 1981 चं यंत्र आहे, भोकं पाडलेल्या डब्यानेच किंमत अर्धी झाली आहे, उरलेली तरी वाचवा.

झाडीचा_ऑर्गनवाला
भोकं आता बुजणार नाहीत. आणि खरं सांगू का, लांब बास ड्रम मंडपात ऐकला तर मूळ आवाज परत लावावासा वाटत नाही. मागे दोन हजार माणूस बसलेलं असते, त्यांना किमतीशी काय घेणं?

आर्वीकरीण
मी ऑर्गनवाल्यांच्या बाजूने. मात्र काढलेला प्रत्येक मूळ पार्ट पुडीत घालून, वर नंबर लिहून, डब्यात आतच चिकटवून ठेवा. पुढच्या माणसाला तुमच्यासारखं खोदकाम नको.

झाडीचा_ऑर्गनवाला
कामाचा हिशेब देतो.

बास ड्रम: शिल्डवाली वायर टाकली, पॉटच्या पाठी ग्राउंड केल्या, जॅकच्या वायरी दुसऱ्या बाजूने नेल्या. घरात ट्यूबखाली लांबीचा नॉब पूर्ण नेला तरी कान लावून ऐकावं लागते एवढाच हम. जनरेटरवरही चालवून पाहिला. सूर हलतो आहे की नाही हे कळण्याइतकाही आवाज उरला नाही.

स्नेअर: पाय मुरडून लावले आणि पहिल्याच दणक्यात 'छॅक्'. मूठभरातले आलटून-पालटून लावले, एक एकदम जोरदार निघाला, तोच ठेवला. निवडायला बसलो तेव्हा घरचे म्हणे, सगळे एकसारखेच तर वाजून राहिले.

ओपन हॅटच्या पॉटमध्ये खरखर होती, कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली.

राहिला मागचा जॅक. हॅट मुख्य आउटपुटमधून गायब होते आणि 'फट्' येते ते.

तारतम्य
गायब होणं हे मुद्दाम केलेलं आहे. तो स्विचवाला जॅक आहे, प्लग आत गेला की आतला संपर्क तुटतो आणि तो आवाज मिक्समधून निघून फक्त तिथे येतो. वेगळ्या चॅनलवर घ्यायचं असेल तर हेच हवं.

'फट्' म्हणजे जॅकवर डीसी (स्थिर व्होल्टेज) आहे. मशीन चालू ठेवून, प्लग न लावता, जॅकच्या टोकावर डीसी मोजा.

झाडीचा_ऑर्गनवाला
चार व्होल्टच्या वर दाखवते. बास आणि स्नेअरच्या जॅकवर शून्याच्या जवळ.

तारतम्य
मग त्या दोघांना कपॅसिटर आहे आणि हॅटचा राहून गेला. 10 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक जॅकच्या वायरीत मालिकेत टाका, धन बाजू बोर्डाकडे, कारण डीसी तिकडे आहे. जॅकच्या टोकावरून ग्राउंडला एक 100 किलोओहम टाका, म्हणजे प्लग नसतानाही कपॅसिटरचा चार्ज निघून जाईल. तो नसला तर 'फट्' लहान होईल, जाणार नाही.

मिक्सरला आत्ताच्या स्थितीत जोडू नका. बऱ्याच मिक्सरला इनपुटवर कपॅसिटर असतो, सगळ्यांना नसतो.

झाडीचा_ऑर्गनवाला
100 किलोओहम घरात आहे. 10 मायक्रोफॅरड गावातल्या रेडिओवाल्याकडे 16 व्होल्टचा मिळाला, तो चालेल का? नाहीतर सीताबर्डीवरून आणायला माणूस शनिवारी नागपूरला जाणार आहे आणि रविवारी रात्री मंडईचा (गावच्या जत्रेचा) प्रयोग आहे.

तारतम्य
चार व्होल्टला 16 चा चालेल. जुना, फुगलेला नसला म्हणजे झालं. लावा.

निवृत्त_वायरमन
रविवारी जनरेटरवर हॅलोजन अन् साउंड एकाच फेजवर घेऊ नका. अन् मंडई कोणत्या गावाले आहे ते सांगजा, नातू विचारून राहिला.